चाळीस नंबर

चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं मी,
झेन नदीच्या या खोऱ्यात, तीन गावांत.
ब्रुअरीच्या दारात रोज उभी राहिले,
एक घोट घेतला नाही. ड्यूटीवर होते.
आणि घरी आई होती.
आईपुढे पाणीसुद्धा विचारून प्यायचं.

आता आई नाही, ड्यूटी नाही.
मंगळवारी दुपारी ओडीलच्या पिंपघरात बसते,
एकसष्टाव्या वर्षी बालवर्गात.

पहिल्या दिवशी त्यानं पिल्सनर ओतली.
वहीत मी लिहिलं: छान.
त्यानं खोडलं.
"छान हा सुनेच्या स्वयंपाकाला द्यायचा शेरा.
जिभेला काय म्हणायचंय, गोडेलीव्ह?"
जिभेला काहीच म्हणायचं नव्हतं.
बऱ्याच वेळानं लिहिलं:
थंड. पिवळी. आणि शेवटी कडू,
भांडण मिटल्यावर शेजारीण
जाता जाता दारातून एक शब्द टाकते, तशी.
त्यानं चष्मा लावून वाचलं.
खोडलं नाही.

गव्हाची गढूळ बिअर सोपी गेली.
धणे, मी म्हटलं, आणि संत्र्याची साल.
"हे कुणीही सांगेल."
मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

डुबेल-त्रिपेलचा मात्र घोळ झाला.
मला वाटलं, दुप्पट काळी आणि तिप्पट काळी.
तर त्रिपेल निघाली सोनेरी, साळसूद,
मिशीला फेस लावून गप्प बसलेल्या पाद्र्यासारखी.
दुसऱ्या ग्लासानंतर सायकल हातात धरून
चालत घरी गेले.
वाटेत एकही कुत्रं भुंकलं नाही.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग थंडी पडली, आणि ओडील म्हणाला, चल वर.
माळ्यावर तांब्याचं उथळ भांडं,
खोलीएवढं मोठं, वाफाळणारं,
आणि चारी खिडक्या सताड उघड्या.
विरजण कोण लावतं? मी विचारलं.
त्यानं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं.
बाहेर अंधार होता, सफरचंदाची झाडं,
लांबवर कुणाच्या तरी गोठ्यातला दिवा.
"हे सगळं आत येतं रात्री," तो म्हणाला,
"मग पिंपात घालून विसरायचं. दोन वर्षं. तीन वर्षं.
विसरायला जमलं पाहिजे फक्त."

खाली येऊन त्यानं जुन्या पिंपाची बूच काढली.
फेस नाही, काही नाही.
नाकाशी नेलं आणि मागेच सरले.
आंबट.
पण लिंबू नाही, ताक नाही, सिरका तर नाहीच.
"लिही."
लिहिता येईना.
पुन्हा हुंगलं.
ओलं गवत. चामडं. तळघरातली माती.
घोडा.

चाळीस नंबर, मी म्हटलं.
"कसलं चाळीस नंबर?"
घर. कामिएलचा तबेला.
दाराला पेटी नव्हती त्याच्या,
पत्र आत जाऊन हातात द्यावं लागे.
मुलगा अँटवर्पहून बोटीवर गेलेला.
म्हातारा घोडीच्या पाठीवर कागद ठेवून वाचायचा,
ओठ हलवत, आणि घोडी
हलायची नाही.
मग पत्रं थांबली.
तरी रोज दहा वाजता तो तबेल्याच्या तोंडाशी उभा असे,
आणि मी रोज आत जाऊन सांगायचे,
आज काही नाही, कामिएल.
बाहेरूनही सांगता आलं असतं.
अकरा महिने आत जात होते मी.
हा वास तिथला आहे.

ओडील काही बोलला नाही.
पिंपावरचा खडूचा आकडा बोटानं पुसत राहिला,
पुसायचं काही कारण नसताना.

घरी येऊन वहीत लिहिलं:
लॅम्बिक. चाळीस नंबर.
आंबटपणाबद्दल अजून शब्द मिळालेला नाही.

पुढच्या मंगळवारी चेरी घातलेली आहे म्हणे.
ओडील सांगत होता, नवशिक्यांना ती आवडते,
गोड असेल असं वाटतं त्यांना.